झाडावरचा ओंडका आणि जमिनीवरचा माणूस

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही चौघे मित्र कोल्हापुरात झाडं छाटायची कामं घेतो. दोघे आधीपासून गिर्यारोहण करणारे, त्यामुळे दोराची आणि उंचीची भीती नाही. पण छपरावर किंवा कंपाउंडवर झुकलेली मोठी फांदी तुकडे करून दोराने खाली उतरवायची, म्हणजे ज्याला रिगिंग म्हणतात, ते आम्ही व्हिडिओ बघून आणि करत करत शिकलो. आता आमच्यासारख्याच मुलांसाठी दोन दिवसांचं प्रत्यक्ष हाताने करायचं शिबिर घ्यावं असं वाटतं. ठेकेदाराकडची मुलं, क्लबातले गिर्यारोहक, उद्यान विभागाच्या कामावर रोजंदारीने जाणारे असे तीसेक जण यायला तयार आहेत. एका शाळेच्या आवारात वाळलेला मोठा नीलगिरी आहे. शाळेला तो काढायचाच आहे, म्हणजे शिबिरही होईल आणि शाळेचं कामही. आखणी कशी करावी? सामान काय लागेल? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : सगळ्यात आधी त्या नीलगिरीबद्दल. शिबिरासाठी तो नको.

वाळलेलं लाकूड वरून टणक दिसतं. आत कुठे कुजलंय, कुठे वाळवी शिरलीय, हे बरेचदा वजन पडल्यावरच कळतं. आणि रिगिंगमध्ये आपण त्याच झाडाच्या वरच्या भागाला कप्पी बांधून ओंडका लटकवणार असतो. शिकणाऱ्याच्या हातून कप्पीची जागा चुकणारच. ती चूक सोसेल असं झाड त्याला द्यायला हवं. दुसरं कारण मला याहून मोठं वाटतं. झाड काढायचंच आहे म्हटलं की शिबिराचं काम होऊन जातं. दुपारी चार वाजता शाळेतून कोणीतरी येऊन विचारणार, "अजून निम्मं उभंच का?" मग ज्याला येत नाही त्याला बाजूला करून ज्याला येतं तोच वर चढणार आणि बाकीचे खालून मान वर करून बघत बसणार. शिवाय फांदी एकदाच कापता येते. ज्याच्या हातून ती कापली जाईल तो शिकेल, बाकीच्यांनी नुसतं पाहिलेलं असेल. नीलगिरीचं काम वेगळं घ्या, वृक्ष अधिकाऱ्यांची परवानगी काढून घ्या. झाड वाळलेलं असलं तरी शहराच्या हद्दीत १९७५ च्या झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाखाली परवानगी लागते.

शिबिराला हिरवं, धडधाकट झाड निवडा आणि ओंडके बाहेरून आणा. वखारीत साधारण वीस सेंटिमीटर जाडीचे, मीटरभर लांबीचे तुकडे कापून मिळतात. कप्पीतून दोर घालून तुकडा वर चढवायचा, वरच्याने तो फांदीवर बांधून ठेवायचा, सगळे इशारे देऊन सोडायचा, खालच्याने उतरवायचा, आणि तोच तुकडा परत वर. झाडाची एक डहाळीही न कापता प्रत्येकाच्या हाताने तेच काम पुन्हा पुन्हा होतं. हात तयार व्हायला हाच एक मार्ग मला माहीत आहे.

झाड कोणतं? कोल्हापूरकडे चिंचा भरपूर आहेत. जुनी, निरोगी चिंच मिळाली तर दुसरं काही बघू नका. लाकूड चिवट, फांद्या मजबूत, बेचकी रुंद. वडही चालेल. जांभूळ आणि शेवगा फांदी धरू देत नाहीत हे गावातलं लहान पोरही सांगतं, तेव्हा ते सोडा. गुलमोहर मात्र हमखास सुचवला जातो, कारण तो प्रत्येक शाळेत असतो आणि आडवा पसरलेला असल्याने चढायला सोपा दिसतो. त्याचं लाकूड ठिसूळ, आणि जुन्या छाटणीच्या जागी आत ढोल्या झालेल्या असतात. नको. निवडलेल्या झाडाभोवती शांतपणे एक फेरी मारा. बुंध्याशी अळंबी उगवलीय का, एका बाजूची मुळं गटारासाठी किंवा पेव्हर ब्लॉकसाठी तोडलीत का, लाकडी हातोड्याने ठोकल्यावर कुठे पोकळ आवाज येतो का, ते पाहा. दोन फांद्या इंग्रजी व्हीसारख्या एकमेकींना चिकटून वाढल्या असतील आणि मधे साल दबली असेल, तर त्या बेचक्यात कप्पी बांधू नका. तिथे दोन्ही फांद्यांचं लाकूड एकमेकांत गुंतलेलंच नसतं.

तारीख जानेवारी-फेब्रुवारीतली धरा. एप्रिल-मेमध्ये पावसाआधीच्या छाटणीची घाई असते, तुमची मुलं कामातून मोकळी होणार नाहीत. पावसात साल निसरडी होते, दोर भिजून जड होतो. मात्र कोरड्या महिन्यांत उंच झाडांवर आग्या मोहोळ असतं. आदल्या दिवशी दुर्बिणीने झाड आणि आजूबाजूची झाडं फांदी-फांदी पाहून घ्या. मोहोळ दिसलं तर झाड बदला. मोहोळ हलवायच्या भानगडीत पडू नका. घरटी दिसली तरी तेच.

आता तीस जणांचं. बारा घ्या. उरलेल्यांसाठी दुसरं शिबिर घ्या, पण गर्दी करू नका. ओंडका उतरवण्याच्या कामात चार जागा असतात: वर झाडावर एक, बुंध्याशी ब्रेकवर, म्हणजे वेढे देऊन दोर आवरायच्या जागी, एक, ओंडका घराकडे किंवा तारेकडे झुकू नये म्हणून दुसऱ्या दोराने त्याला दिशा देणारा एक, आणि काहीही न करता फक्त सगळीकडे लक्ष ठेवणारा, गळ्यात शिट्टी असलेला एक. चारचे तीन गट, प्रत्येक गटाला एक शिकवणारा, आणि दर थोड्या वेळाने जागा बदलायच्या. तीस आले तर अठरा जणांच्या हातात दोन दिवसांत दोर येणारच नाही आणि ते कंटाळून ओंडक्याखाली गप्पा मारायला जातील. हे मी पाहिलेलं आहे.

शिकवायला मात्र तुम्ही चौघेच पुरे नाही. हे वाईट वाटून घेऊ नका. जे आपण स्वतःच अंदाजाने शिकलो ते शिकवताना त्यातले अंदाजही पुढे जातात. रोज हेच काम करणारा निदान एक माणूस बाहेरून बोलवा. इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चर या संस्थेची प्रमाणपत्रं घेतलेले लोक आता भारतातही आहेत. पण त्यांचं 'सर्टिफाइड आर्बोरिस्ट' (वृक्षतज्ज्ञ) हे प्रमाणपत्र लेखी परीक्षेवर मिळतं. झाडावर चढणाऱ्यांसाठीचं वेगळं आहे, त्यात झाडावरची प्रत्यक्ष परीक्षा असते. फोन करताना कोणतं आहे ते स्पष्ट विचारा.

तुमच्या दोन गिर्यारोहक मित्रांसाठी थोडं वेगळं लिहिते, कारण मीही लोणावळ्याजवळच्या नागफणीच्या कातळावरून झाडांकडे आले. सह्याद्रीत शिकलेली शिस्त फार मोलाची आहे: गाठ तपासणं, जोडीदाराचा हार्नेस तपासणं, हेल्मेट न काढणं. पण तिथला दोर माणूस पडला तर त्याला अलगद थांबवायला बनवलेला असतो, म्हणून तो ताणतो. त्याच दोराला ओंडका बांधलात तर तुम्ही ठरवलेल्या जागी तो थांबणार नाही. दोर ताणत ओंडका आणखी खाली जाईल, आणि तिथे कौलं असतील. ओंडक्यासाठी कमी ताणणारा, वेणीसारखा विणलेला पॉलिस्टरचा दोर घ्या, बारा ते सोळा मिलिमीटर जाडीचा. चढाईचे ॲल्युमिनियमचे कॅराबिनरही (दोर अडकवायच्या उघडत्या कड्या) ओंडक्याला लावू नका, पोलादी शॅकल किंवा रिगिंगसाठीच बनवलेली कप्पी घ्या. एक सवय मी सगळीकडे बघते, जुना झालेला चढाईचा दोर ओंडक्यांच्या कामाला देतात. त्याच्या उलटही होतं, ओंडक्याच्या दोरावर माणूस चढतो, आणि ते तर जीवघेणं आहे. ओंडक्याच्या दोराने हिसके खाल्लेले असतात, आतले धागे तुटलेले बाहेरून दिसत नाहीत. दोन्ही दोरांच्या टोकांना वेगळ्या रंगाच्या चिकटपट्ट्या लावा. आमच्याकडे पिवळा माणसाचा आणि लाल लाकडाचा. दोर वेगवेगळ्या पोत्यांत भरतो.

हार्डवेअरच्या दुकानात नायलॉन म्हणून मिळणारी पिवळी-निळी दोरी या कामात आणूच नका. ती बहुतेकदा पॉलिप्रॉपिलीनची असते. ते साधारण १६५ अंश सेल्सियसला वितळतं, पॉलिस्टर २५० अंशांच्या पुढे. ओंडका उतरताना दोर ब्रेकवर घासून तापतो, म्हणून हा फरक कामाचा आहे.

दोर किती वजनाचा घ्यावा असं विचाराल, तर दोरावर लिहिलेला आकडा बहुतेकदा तो तुटण्याचा असतो. ओंडक्याच्या कामात त्याचा दहावा हिस्सा वापरायचा. तीन हजार किलोला तुटणाऱ्या दोरावर तीनशेच्या वर जायचं नाही. गाठीपाशी दोराची ताकद बरीच कमी होते, उन्हाने कमी होते, आणि हिसक्याचा भार आपल्या अंदाजापेक्षा नेहमी मोठा असतो. हे सगळं त्या दहाव्या हिश्श्यात धरलेलं आहे.

पहिला दिवस पूर्ण जमिनीवर ठेवा. मुलं कुरकुर करतील, चढायला आलोय म्हणतील. तरीही.

सकाळी वजनापासून सुरुवात करा. ओलं लाकूड साधारण पाण्याइतकं जड धरायचं, घनमीटरला हजार किलो. म्हणजे वीस सेंटिमीटर जाडीचा मीटरभर तुकडा तीसेक किलोचा, तीस सेंटिमीटरचा सत्तर, चाळीसचा सव्वाशे. जाडी दुप्पट झाली की वजन चौपट होतं, आणि अंदाज इथेच फसतात. चिंच, बाभूळ याहून जड भरतात, पांगारा आणि काटेसावर हलकी. वेगवेगळे ओंडके मांडून ठेवा, प्रत्येकाने मनातलं वजन खडूने ओंडक्यावर लिहायचं, मग काट्यावर टाकायचा. वर्षानुवर्षं कोयता चालवलेल्या माणसांचे आकडेही निम्म्याने चुकतात. आपला आकडा काट्याशेजारी पाहिलेला माणूस पुढच्या वेळी फांदीचा तुकडा छोटा घेतो.

मग कप्पी. कप्पी डोक्याएवढ्या उंचीवर बांधा आणि विचारा: "तीस किलोचा ओंडका लटकतोय, दुसऱ्या बाजूने दोर बुंध्याशी धरलाय, तर कप्पीच्या पट्ट्यावर किती भार?" जवळजवळ सगळे तीस म्हणतील. भंगारवाल्याकडे असतो तसा लटकवायचा काटा कप्पी आणि पट्टा यांच्या मधे अडकवा. आकडा साठच्या आसपास येईल, कारण दोराचे दोन्ही पदर खाली ओढत असतात. हे नुसतं स्थिर लटकताना. ओंडका मीटरभर पडून मग गच्चकन थांबला तर भार वजनाच्या कितीतरी पट होतो. साधा काटा तो क्षण पकडत नाही, त्यासाठी लोड सेल लागतो. नसला तर पाच किलोच्या वाळूच्या पिशवीवर करून दाखवा: एकदा दोर घट्ट धरून पिशवी गच्चकन थांबवायची आणि एकदा दोर थोडा पळू देऊन हळूहळू थांबवायची. फांदी पहिल्या वेळी कशी थरथरते आणि दुसऱ्या वेळी कशी जेमतेम वाकते, ते सगळ्यांना बुंध्याला हात लावून बघू द्या.

इथून शिबिराच्या गाभ्याकडे येते. माझं ठाम मत आहे की रिगिंगच्या शिबिरात खरं शिकवायचं असतं ते जमिनीवरच्या माणसाला. वरचा माणूस करवत चालवतो, त्याचे फोटो निघतात. पण ओंडका हळू उतरेल की हिसका बसेल, बसलेला हिसका झाडात आणि झाडावर बांधलेल्या माणसात जाईल की नाही, हे ठरतं ब्रेकवर. आणि आपल्याकडे दोर कोणाकडे देतात? सगळ्यात नव्या पोराकडे, नाहीतर कामावर पहिल्यांदाच आलेल्या मजुराकडे. "तू फक्त धरून ठेव" एवढं सांगून. त्याला दोर हातावर गुंडाळून घ्यायची सवय असते. ओंडका सुटला की हात दोराबरोबर जातो.

आमच्या गटात ब्रेकवर उभे राहतात ते काका पूर्वी हर्णैच्या बंदरात होडीवर होते. होडी ओढ घेत असताना धक्क्यावरच्या खुंटाला दोराचे किती वेढे द्यायचे हे त्यांच्या अंगात भिनलेलं आहे. नव्या मुलांना ते सांगतात, "दोर आपण धरायचा नाही, बुंध्याला धरायला लावायचा." घर्षणांक पाव धरला तर एका पूर्ण वेढ्याने हातावरचा भार साधारण पाचपट कमी होतो. खोड किती खडबडीत, दोर किती जुना, यावर आकडा बदलतो, पण दोन वेढ्यांनंतर सत्तर किलोचा ओंडका एका हाताने थांबतो हे प्रत्येकाने स्वतः अनुभवावं. झाडाच्या सालीवर वेढे दिले तर साल आणि दोर दोन्ही झिजतात, म्हणून बुंध्याला पट्ट्याने बांधायचा धातूचा ब्रेक घ्या, पोर्टारॅप किंवा तसाच दुसरा. प्रत्येक गटाला एक. पैसे कमी पडले तर दुसरं काही कमी करा, हा करू नका. पहिल्या दुपारी प्रत्येकाने वेढे किती ठेवायचे ते ठरवणं, ओंडका पळू देणं, हळूहळू थांबवणं, ठरलेल्या रिंगणात टेकवणं, एवढंच करायचं. बाराही जणांचं होईपर्यंत. वेढे जास्त झाले तर दोर सरकतच नाही आणि ओंडका हिसक्याने थांबतो, हेही त्यांना स्वतः कळू द्या.

गाठी तीनच शिकवा. ओंडक्याला रनिंग बोलाइन आणि तिच्या आधी एक हाफ हिच. फांदीच्या टोकाला क्लोव्ह हिच, वर दोन हाफ हिच घालून. कप्पीचा पट्टा खोडाला बांधायला काऊ हिच, तीही पक्की अडकवून. हातमोजे घालून, मग डोळे मिटून, मग कोणीतरी बाजूला बोलत असताना. दहा गाठी शिकवलेल्या शिबिरातून लोक एकही घेऊन जात नाहीत.

इशारे मराठीत ठरवा आणि भिंतीवर लिहून लावा. त्यात 'ओढ' आणि 'सोड' एकत्र नकोत. वरून, वाऱ्यात, हेल्मेटखालून ते एकच ऐकू येतात. आम्ही 'ताण', 'सोड' आणि 'थांब' वापरतो. वरचा विचारतो, "खाली मोकळं?" शिट्टीवाला पूर्ण फेरी नजर फिरवून "मोकळं" म्हणतो, ब्रेकवाला "तयार" म्हणतो, मगच ओंडका सुटतो. दोघांपैकी एकाचंही उत्तर आलं नाही तर काहीही होत नाही. लांब शिट्टी म्हणजे जो जिथे आहे तिथे थांब, ती कोणीही वाजवावी, शिकाऊनेही. तुमच्याकडे कर्नाटकातले मजूर येणार असतील तर हेच शब्द त्यांच्याकडून निदान वीसदा म्हणवून घ्या.

दुसऱ्या दिवशी झाडावर. पहिल्या दिवशी ज्यांचा ब्रेकवर हात बसला तेच चढतील असा नियम ठेवा, आधी कळवून ठेवा. ओंडक्याच्या कप्पीपेक्षा चढणाऱ्याचा स्वतःचा दोर वेगळ्या आणि वरच्या जागी हवा, आणि ओंडका सोडायच्या वेळी कमरेचा दुसरा पट्टाही खोडाला हवा. ओंडक्याच्या वाटेत त्याचा पाय, दोर, काही नको. कप्पी नेहमी ओंडक्याच्या वर. कप्पी खाली आणि तुकडा तिच्यावरून उलटून पडतो, असं काम या शिबिरात नको. त्यात हिसका सगळ्यात मोठा असतो. चेन सॉ झाडावर नेऊ नका. तिचं शिक्षण वेगळं, दिवस वेगळा. हात-करवतही फक्त दाखवायला.

आवारात फक्की मारून रिंगण आखा. आम्ही फांदीच्या टोकापासून बाहेर पाच मीटर धरतो. आत हेल्मेटशिवाय कोणी नाही, ओंडका हवेत असताना तर कोणीच नाही. चहाही बाहेरच.

आणि जखमी माणूस झाडावरच असला तर? याचं उत्तर तयार नसेल तर शिबिर घेऊ नका. प्रत्येक झाडावर रिकामा दुसरा दोर आधीच टाकलेला असावा आणि खाली एक चढणारा हार्नेस घालून बसलेला असावा, दिवसभर. शुद्ध हरपून हार्नेसमध्ये लटकलेला माणूस अग्निशमन दलाची वाट बघू शकत नाही, मिनिटांचा प्रश्न असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं काम म्हणून सगळ्यांसमोर एकाला खाली उतरवून दाखवा. मोठा रक्तस्राव थांबवायच्या दाबपट्ट्या जवळ हव्यात. एक गाडी फाटकाकडे तोंड करून, चावीसह. जवळचं शस्त्रक्रियेची सोय असलेलं रुग्णालय आधी जाऊन बघून या. १०८ ला जागा सांगताना शाळेचं कोणतं फाटक हे सांगता यायला हवं.

शेवटचा मुद्दा पैशाचा. तुम्ही प्रवेश फी लिहिलेली नाही, पण बहुधा ठेवणार असाल. क्लबातल्या मुलांकडून घ्या. जे रोजंदारीवर आहेत त्यांना मात्र दोन्ही दिवसांची हजेरी द्या, जेवण द्या, अपघात विमा तुम्ही काढा. नाहीतर शिबिर भरेल ते हौशी लोकांनी, आणि सोमवारी झाडावर पाय ठेवणारा माणूस तिथे नसेल. पैसे उद्यान विभागाच्या ठेकेदारांकडे मागा, मोठ्या सोसायट्यांकडे मागा. माणसं त्यांच्याच झाडांवर चढतात. आणि शेवटी प्रमाणपत्र दिलंत तर त्यावर 'सहभाग' एवढंच लिहा. 'प्रशिक्षित' लिहू नका. दोन दिवसांत माणूस अनुभवी माणसाच्या हाताखाली काम करायला लायक होतो. त्या कागदावर त्याला उद्या कोणी एकट्याला वडावर चढवलं तर ते तुमच्या नावावर असेल.

प्रश्न : आमच्या सोसायटीत दोन मोठी झाडं आहेत. एका गटाने त्यावर दोर-कामाचं शिबिर घ्यायची परवानगी मागितली आहे. फांद्या कापणार नाही म्हणतात. काही सभासदांना भीती आहे की झाडाला इजा होईल. द्यावी का? – सोसायटीच्या सचिव, डोंबिवली

उत्तर : द्या, पण चार गोष्टी लिहून घ्या. बुटांना खिळे लावून जिवंत झाडावर चढणार नाहीत, कारण प्रत्येक खिळ्याची जखम साल फोडून आत जाते आणि तिथून कुज शिरते. दोर नुसत्या फांदीवरून घासत नेणार नाहीत, मधे कडीचा पट्टा किंवा नळी घालतील. सहभागींचा विमा असेल आणि त्याची प्रत तुम्हाला आधी मिळेल. त्या दिवशी झाडाखाली गाड्या आणि मुलं नसतील, ही जबाबदारी मात्र तुमची.

सभासदांना हेही सांगा की त्यांच्या झाडांना याहून कितीतरी मोठी इजा बुंध्याला गळ्यापर्यंत लावलेल्या सिमेंटने होते. शिबिराच्या निमित्ताने जाणते लोक आवारात येणारच आहेत, तर त्यांच्याकडून दोन्ही झाडं तपासून घ्या. झाड पन्नास वर्षांहून जुनं असेल तर २०२१ च्या कायदा दुरुस्तीप्रमाणे ते वारसा वृक्षात मोडतं. पुढे कधी त्यावर करवत लावायची वेळ आली तर नियम वेगळे आहेत, म्हणून वयाची नोंद आत्ताच करून ठेवा.

प्रश्न : मी पाडेली. मालवण तालुक्यात माडावर चढून नारळ काढतो, पायात दोरीचा फास घालून, वडिलांनी शिकवलं तसं. आता घरांच्या मधे आलेले जुने माड तोडायची कामं येतात. शेंड्यापासून तुकडे करत खाली यावं लागतं. मुलगा म्हणतो शिबिराला जाऊया. माझं वय बावन्न. या वयात उपयोग होईल का? माडाला तर फांदीच नाही, कप्पी बांधायची कुठे? – एक वाचक, मालवण तालुका

उत्तर : दादा, जरूर जा, मुलाला घेऊन जा. वयाचा प्रश्नच नाही. शिबिरात तुमच्याइतकं उंचीवर स्थिर उभं राहता येणारं कोणी भेटेल असं मला वाटत नाही.

पण तुम्ही विचारलेली गोष्ट अगदी नेमकी आहे. फांदी नसल्यामुळे माडावर कप्पी कापाच्या खाली, ज्या खोडाला तुम्ही बांधलेले आहात त्यालाच बांधावी लागते. तुकडा उलटून पडतो आणि कप्पीवर येऊन थांबतो. त्याचा हिसका थेट तुमच्या कमरेच्या पट्ट्यापर्यंत येतो. वर कोल्हापूरच्या उत्तरात नवशिक्यांनी हे करू नये असं लिहिलंय ते याचमुळे. त्यात माडाचं खोड आंब्या-फणसासारखं नाही. कठीण भाग बाहेरच्या कडेला आणि बुंध्याकडे, आतला गाभा आणि शेंड्याकडचा भाग मऊ. म्हणजे जिथे पहिली कप्पी बांधाल तिथेच खोड सगळ्यात कच्चं. शिवाय तंतूंचं लाकूड असल्याने खाच घेऊन मधे न कापता सोडलेली लाकडाची पट्टी, म्हणजे बिजागरी, इतर झाडांसारखी वागत नाही. तुकडा दिशा बदलतो किंवा तंतू ओढत खाली फाटत येतो.

म्हणून माझं सांगणं असं. आधी नारळ, मग झावळ्या, एकेक करून दोराने उतरवा. शेंड्याचं वजन तिथेच निम्मं होतं. मग खोडाचे तुकडे हातभर किंवा त्याहून लहान घ्या. तीस सेंटिमीटर जाडीचं ओलं खोड मीटरभर घेतलं तर सत्तर किलोच्या आसपास जातं, हातभर घेतलं तर त्याच्या निम्म्याहून कमी. खाली पुरेशी मोकळी जागा असेल तर दोर लावूच नका, तुकडा हाताने ढकलून सरळ खाली टाका आणि तिथे आधी झावळ्यांचा थर घाला. दोर हा जागा नसतानाचा उपाय आहे. आणि दोन्ही बाजूंना कौलं असतील, गाडी जाण्याएवढा रस्ता असेल, तर क्रेन मागवा, बकेट असलेली गाडी मागवा, मालकाला तो खर्च सांगा. माड पोखरलेला असेल, सोंड्या भुंग्याची भोकं दिसत असतील, तर त्यावर चढून तोडायचं काम घेऊच नका, कितीही पैसे दिले तरी.

आजवर तुम्ही कमरेला काही न बांधता चढला असाल. तोडायच्या कामाला ते चालणार नाही. पूर्ण हार्नेस, खोडाभोवतीचा पट्टा, आणि करवत असेल तेव्हा त्यात पोलादी तार असलेला दुसरा पट्टा. शिबिरात पहिल्यांदा हार्नेस घातल्यावर तुम्हाला अडखळल्यासारखं होईल. दोन-चारदा घरच्या माडावर नुसतं नारळ काढायला तो घालून चढा, अंगवळणी पडेल. जाताना तुमचा नेहमीचा दोरही पिशवीत घाला आणि तिथल्या शिकवणाऱ्याला तो हातभर-हातभर उलगडून तपासायला सांगा. मुलाला ब्रेकवर उभं करायला सांगा, कारण तुम्ही वर असताना खाली दोर त्याच्याच हातात असणार आहे.